भाता

कॅम्पातल्या कॅथेड्रलमध्ये गुरुवारी संध्याकाळी
फुकट होतं म्हणून गेलो. खरं सांगतो.
शहापुरात माझं पेट्यांचं दुकान:
सूर लावणे, चाव्या बदलणे, उंदरांनी खाल्लेला भाता शिवणे.
बाप नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचा,
त्यामुळे ऑर्गन या शब्दाला आमच्या घरी
घामाचा आणि पडद्याच्या रंगाचा वास.

हा भिंतीएवढा. नळ्याच नळ्या,
काही बोरूएवढ्या, काही बोअरवेलच्या पाइपासारख्या.
वाजवणारी मडगावची पोर, लुर्दिना, पाठमोरी.
चप्पल काढली, वेगळे जोडे घातले
आणि पायांनी वाजवू लागली.
भाता मारायला नव्हे. पायांनी सूर.
बाप असता तर उठून उभा राहिला असता,
किंवा निघून गेला असता. त्याचं काही सांगता यायचं नाही.

पहिला खर्ज कानाला आलाच नाही.
बाकाला आला. बाकातून माकडहाडाला.
शेजारी हुक्केरीची गंगव्वा हुद्दार,
सुनेला सिव्हिलात ठेवून घटकाभर टेकायला शिरलेली,
पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, एदी झल्ल अंतु.
मला कानडी कळतं.
कळत नसतं तरी कळलं असतं.
पुढे सुभेदार कंग्राळकर, निवृत्त,
दोन्ही हात गुडघ्यांवर, कुणी फोटो काढणार असल्यासारखे.
थोड्या वेळाने एक हात सुटला
आणि खिशात रुमाल शोधू लागला.

मी चुका शोधत होतो. धंद्याची खोड.
वरच्या पट्टीत एक नळी किंचित उतरलेली,
तेवढी धरून बसलो,
पुरात माणूस झाड धरतो तसा.

आणि लाइट गेली.

सूर खाली बसत गेले,
गॅस बंद केल्यावर उतू येणारं दूध बसतं तसे.
लुर्दिनाची बोटं अजून चाव्यांवर. आवाज नाही.
कुणी म्हणालं, जनरेटर. कुणी म्हणालं, डिझेल नाही.
कुणी सवयीने म्हणालं, महाराष्ट्रात असतो तर,
आणि कुणी सवयीने, तिकडंबी जात्या की.

इनास बार्देस्करांनी काठी बाकाला टेकवली.
पंच्याहत्तरीचे. ब्लोअर यायच्या आधी, पोरपणी,
दोन आण्यांना दर रविवारी
हाच भाता मारायचे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.
फळीमागे गेले, डोकं बाहेर काढून म्हणाले,
एकट्याचं काम न्हवं. कोण येतंय?

भात्याचं काम. उठलो. दुसरं काय येतं मला.

उरलेलं मी ऐकलं नाही.
आत अंधार, लाकडी दांडा, मेंढीचं कातडं,
फार पूर्वी कुणीतरी नीट शिवलेलं.
इनास कोकणीत मोजत होते, मी मराठीत.
एक, दोन, तीन. आकडे तेच.
ती हळू वाजवायची तेव्हा दांडा हलका.
तिने सगळ्या नळ्या उघडल्या की
मोटेच्या नाड्यासारखा हात ओढून न्यायचा.
एका जागी श्वास पुरेना.
तिचा की आमचा, माहीत नाही.

मग संपलं. चर्चमध्ये टाळ्या वाजवतात की नाही
यावर सगळे गप्प. पहिली टाळी गंगव्वाची म्हणे,
तिला विचार करायला वेळ नव्हता, शेवटची बस होती.

गाड्यावर चहा पिताना
सुभेदार म्हणाले, तोफखाना. मग म्हणाले, नाही.
एका पोराच्या मोबाईलमध्ये नुसती खरखर आली होती,
ती तो पुन्हा पुन्हा लावत होता.
मला कुणीतरी विचारलं, कसं वाटलं?
म्हटलं, जड.

रात्री दुकानात बापाची पायपेटी पुसली.
एकही चावी न दाबता
पाय मारत बसलो बराच वेळ.
कुठेतरी गळतंय. कान लावून बघितला,
जागा अजून सापडली नाही.